रिकाम्या घरांची रांग

दिवाळी अंकासाठी लिहाल का, असं विचारणारा फोन आला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत रबरी मोजे होते. मोजे घातलेल्या हातानं फोनला शिवायचं नाही, हा आमच्या प्रयोगशाळेतला पहिला नियम. म्हणून शेजारच्या टेबलावरच्या अंकितनं माझा फोन माझ्या कानाशी धरला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "दर वर्षी आम्ही एखाद्या निवृत्त माणसाकडून त्याच्या कामाबद्दल लिहून घेतो. या वेळी म्हटलं, काम नुकतंच शिकलेल्या कुणाला तरी विचारावं." मी म्हटलं, "पण माझ्याकडे सांगण्यासारखं तसं काही नाही हो."

फोन बंद करून अंकित म्हणाला, "खोटं काहून बोलते वं? शनिवारचा फोन आहे ना तुह्याकडे."

त्या शनिवारच्या फोनबद्दलच लिहिते आहे. मला या कामाला लागून चार वर्षं झाली. चार वर्षांत कुणी अनुभवी होत नाही, हे मला कळतं. पण त्या फोनवर झालेली चूक मला आता पूर्ण समजली आहे, आणि पूर्ण समजलेली अशी ती एकच गोष्ट माझ्याकडे आहे.

आधी काम सांगते. मी नागपुरातल्या एका कॉलेजात पीएच.डी. करते आणि तिथल्याच एका प्रकल्पावर काम करते. औषध म्हणून वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींचा अर्क माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना सोसतो की नाही, हे आम्ही तपासतो. आमचं घर नंदनवनला. बाबा घरांना रंग द्यायचं काम करतात, आई शिवणकाम करते, आणि आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. त्यामुळे मी दिवसभर नेमकं काय करते, हे घरी समजावून सांगणं मला वर्षभर जमलंच नाही. शेवटी बाबांनीच तोड काढली. ते लोकांना सांगतात, "आमची पोरगीही रंगाचंच काम करते. मी भितीवरचा पाहतो, ती रक्तातला पाहते."

हे फारसं चुकीचं नाही. एखादा निरोगी माणूस स्वतःच्या मर्जीनं, कागदावर सही करून, आम्हाला थोडं रक्त देतो. ते रक्त एका दाट द्रवावर अलगद सोडायचं, इतकं अलगद की दोन्ही एकमेकांत मिसळता कामा नयेत. मग नळी यंत्रात गरगर फिरवायची. लाल पेशी तळाला बसतात आणि मधोमध दुधावरच्या सायीसारखं एक पांढरं कडं दिसतं. त्या आमच्या पेशी. लोक त्यांना शरीराचे सैनिक म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली मला त्या भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या दिसतात: गोल, चमकदार, एकमेकींना न चिकटलेल्या. चांगल्या पेशी आणि चांगला साबुदाणा ओळखायची खूण एकच.

मग तळहाताएवढी एक प्लास्टिकची प्लेट घ्यायची. तिच्यात शहाण्णव खळगे असतात. आम्ही त्यांना घरं म्हणतो. प्रत्येक घरात पेशी टाकायच्या, वनस्पतीचा अर्क टाकायचा, कुठे कमी, कुठे जास्त, आणि प्लेट एक दिवस अंगाएवढ्या उबेच्या पेटीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्यात एक पिवळा रंग टाकायचा. जिवंत पेशी तो पिवळा रंग पचवते आणि जांभळा करते. मेलेली पेशी काही करत नाही, तिचं घर पिवळंच राहतं. याला तीन-चार तास लागतात. जितकं जांभळं, तितक्या पेशी जिवंत. एवढंच.

आणि एक रांग रिकाम्या घरांची ठेवायची. त्या घरांत पेशी नाहीत, फक्त वनस्पतीचा अर्क आणि पिवळा रंग. तिथे काहीच होत नाही, ती घरं पिवळी राहतात, यंत्र जवळजवळ शून्य दाखवतं. पहिल्या दिवशी मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना विचारलं होतं, "जिथे काही होणारच नाही, ती रांग ठेवायची कशाला?" मॅडम म्हणाल्या, "काही होत नाही हे पाहायला."

मला ते वाक्य आवडलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं. आणि तरीही.

आमच्याकडे नमुने घेऊन लोक येतात. खरं तर आम्ही बाहेरच्या लोकांसाठी तपासणी करत नाही, पण आमच्या प्रकल्पात गावातल्या पारंपरिक काढ्यांचा भाग आहे, आणि ही बातमी फिरते. धरमपेठेतले एक निवृत्त हेडक्लार्क आले होते. ते रोज सकाळी अकरा पानांचा काढा घेतात. कोणती अकरा, हे सांगायला तयार नव्हते. त्यांची मागणी अशी, की त्यांचा काढा त्यांच्याच रक्ताच्या पेशींवर तपासावा. "दुसऱ्याच्या पेशींना माझा काढा काय कळणार?" मी त्यांना संमतीचा कागद दिला. त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि सुई पाहून म्हणाले, "बघू पुढच्या आठवड्यात." ते पुन्हा आले नाहीत. दुरुस्त केलेला कागद मात्र आम्ही अजून वापरतो.

देवकाकाकू वेगळ्या होत्या. कळमेश्वरच्या पुढे एक गाव आहे, तिथल्या बायकांच्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष. साठीच्या, उंच, आवाज असा की आमच्या मजल्यावर सगळ्यांना कळायचं त्या आल्या म्हणून. गट एक चूर्ण करायचा. गुळवेल, सुंठ, अडुळसा आणि एका झाडाची साल. सालीचं नाव मी इथे देत नाही, कारण ते गटाचं गुपित आहे आणि मी शब्द दिला आहे. देवकाकाकूंच्या सासूबाईंपासून ते चूर्ण गावात चालत आलेलं. आता नागपूरला बचत गटांचं प्रदर्शन भरणार होतं आणि तिथे त्यांना स्टॉल मिळाला होता.

त्यांनी स्टीलचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "शहरातले लोक इचारतात, बाई हे सेफ हाय का? मी म्हणते माही सासू पंच्याऐंशी वर्सं जगली. तं ते म्हणते, सासूचा फोटो नको, कागद दाखवा. तू देशील का कागद?"

मी म्हटलं, "कागद मॅडम देतील. काम मी करीन."

"म्हणजे तूच देशील," त्या म्हणाल्या. "सही कोणाची का असेना."

माझ्याकडे पूर्ण सोपवलेला तो पहिला नमुना होता. डब्यापासून आलेखापर्यंत सगळं मी करायचं होतं. मला तो आलेख देखणा हवा होता. अर्काच्या मात्रा पाच घ्यायच्या ठरल्या होत्या. मला वाटलं सात घेतल्या तर रेघ किती छान येईल. पण प्लेटमध्ये घरं शहाण्णवच. पिवळा रंगही संपत आला होता आणि नवी बाटली यायला वेळ होता. मी प्लेटचा नकाशा काढत बसले. कुठली रांग काढता येईल? माझी पेन्सिल रिकाम्या घरांवर आली. त्यांच्यात काय होतं हे मला माहीतच होतं. काही होत नाही. मी ती रांग खोडली आणि तिथे दोन जास्तीच्या मात्रा भरल्या.

हे मी अजाणतेपणी केलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्या वहीत ते वाक्य होतं.

शनिवारी सकाळी मी पिवळा रंग टाकला आणि चहाला गेले. परत आले तर प्लेट जांभळी. तीन-चार तास लागणारं काम चहा संपेपर्यंत झालं होतं. आज मला वाटतं, प्लेट तेव्हा मला ओरडून सांगत होती. मी मात्र अंकितला बोलावलं. "बघ, काय जोरदार पेशी आहेत!" तो म्हणाला, "कोणाचं रक्त होतं? पहिलवानाचं?" आम्ही हसलो. मी नियमानं वेळ पूर्ण होऊ दिली आणि प्लेट यंत्रात ठेवली. आकडे आले. चूर्ण न दिलेल्या पेशींपेक्षा चूर्ण दिलेल्या पेशींची घरं जास्त जांभळी होती. मात्रा वाढेल तसा रंग वाढत गेला होता. सात ठिपक्यांची सुंदर चढती रेघ.

तेवढ्यात देवकाकाकूंचा फोन आला. लेबलं छापायला रविवारी द्यायची होती. "काय झालं वं पोरी? काही समजलं का?"

मला सांगायला हवं होतं, की मॅडमनी पाहिल्याशिवाय मी काही बोलू शकत नाही. हे वाक्य मला येत होतं. पण आजवर कुणा मोठ्या माणसानं एवढ्या आशेनं मला काही विचारलं नव्हतं. घरी लाइटचं बिल वाचून दाखवणं, फॉर्म भरून देणं, इथवरच माझ्या शिक्षणाचा उपयोग झालेला. आणि इथे एक अख्खं गाव थांबलं होतं.

"काकू, एकदम सेफ आहे," मी म्हटलं. "उलट पेशी वाढल्या."

पलीकडे त्यांनी फोन न ठेवताच ओरडून सगळ्यांना सांगितलं, "पेशी वाढते म्हणते!" बायकांचा गलका मला ऐकू आला. तो दिवसभर माझ्या कानात राहिला.

सोमवारी मी आलेख मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडम कमी बोलतात. त्यांनी आलेख पाहिला, मग प्लेटचा नकाशा पाहिला, मग पुन्हा आलेख.

"या पेशी एका दिवसात आपोआप वाढत नाहीत, अश्विनी. त्यांना कुणी वाढवलं?"

"चूर्णानं," मी म्हटलं. पण आवाज अर्ध्यातच उतरला.

"रिकामी घरं कुठे आहेत?"

मी नकाशावरची खोडलेली रांग दाखवली. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर मला रडता आलं असतं.

"मग हा आलेख कशाचा आहे?"

मी त्याच दुपारी करून पाहिलं. एकही पेशी नाही, फक्त चूर्णाचा अर्क आणि पिवळा रंग. मी चहाला गेले नाही. समोर बसून राहिले. माझ्या डोळ्यांदेखत रिकामी घरं जांभळी होत गेली. काही वनस्पती, विशेषतः साली, तो पिवळा रंग पेशींशिवाय स्वतःच जांभळा करतात. पुस्तकात हे एका ओळीत दिलेलं असतं. म्हणूनच ती रांग असते.

मग खरं काय, हे पाहायला दुसरी पद्धत वापरायची होती. एक निळा रंग असतो, तो जिवंत पेशीत शिरू शकत नाही, फक्त मेलेल्या पेशीत शिरतो. त्या दिवशी रक्त द्यायला दुसरं कुणी नव्हतं. कागदावर सही करून मी माझंच दिलं. घरी आईला हातावरची पट्टी दिसली. "आपलं रक्त काढून दुसऱ्याचा काढा तपासते! असं कोणतं कॉलेज असते वं?" मंगळवारी दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. कमी मात्रेच्या घरांत माझ्या पेशी साबुदाण्यासारख्या, गोल आणि स्वच्छ. जास्त मात्रेच्या घरांत निळ्याच निळ्या. ज्या घरांना शनिवारी मी सर्वांत जोरदार म्हटलं होतं, तिथे बहुतेक पेशी मेल्या होत्या.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. प्लेटमधल्या पेशी मेल्या म्हणजे माणसाला अपाय होतो, असं नाही. पोटात गेलेलं चूर्ण आणि पेशीच्या अंगावर थेट ओतलेला अर्क यांत फार फरक आहे. पण प्लेटमध्ये पेशी जगल्या म्हणजे माणसाला काही होणार नाही, असंही नाही. प्लेट फक्त पुढे काय विचारायचं ते सांगते. मी मात्र तिच्या तोंडून 'एकदम सेफ' वदवून घेतलं होतं.

मी देवकाकाकूंना फोन लावला. "काकू, लेबलं दिली का छापायला?"

"छापून आली! चिकटवून राहिलो आम्ही. आन आइक, तू म्हणली ना पेशी वाढते, तं मी सुनेले दोन-दोन चमचे चालू केलं, तीन टाइम. दोन महिन्यांचं लेकरू हाय अंगावर. ताकद पायजे ना बाळंतिणीले."

मी म्हटलं, "काकू, मी उद्या येते तिकडे. तोवर सूनबाईंना ते देऊ नका."

"काहून?"

"येऊन सांगते. पण देऊ नका. नक्की."

मॅडम म्हणाल्या, चूक प्रयोगशाळेची आहे, त्या स्वतः येतात. मी म्हटलं, फोनवर मी बोलले होते, मीच जाते. बोलले खरी, पण घरी जाऊन बसून राहिले. बाबांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, पेशी आणि रंगासकट. मग ते म्हणाले, "ओल्या भितीवर रंग मारल्या गेला तं मालकाच्या फोनची वाट नाही पाहा लागत. आपणच जाऊन सांगा लागते, का बापा, पपड्या निघन. उद्या माह्याकडे काम नाही. मी येतो संगं."

त्यांच्याकडे काम होतं, हे मला आईकडून नंतर कळलं.

देवकाकाकूंच्या ओसरीवर चार-पाच बायका गोल करून बसल्या होत्या. मध्ये पुड्यांचा ढीग, खळीची वाटी, सुंठीचा वास. "आली का वं माही सायंटिस!" काकूंनी हाताला धरून मला बसवलं. "वर्षा, पाणी आण. आन हे पाय." त्यांनी एक पुडी माझ्या हातात दिली. हिरव्या अक्षरांत छापलं होतं: नागपूरच्या प्रयोगशाळेत तपासलेले, पूर्णपणे सुरक्षित.

वर्षा म्हणजे सून पाणी घेऊन आली. खांद्यावर बाळ झोपलेलं. मी पुडीकडे पाहत राहिले. बाबा ओसरीच्या भिंतीशी उभे राहून बोटानं पोपडा उचकटून पाहत होते. तिथूनच म्हणाले, "बोल."

"काकू, मी चुकले," मी म्हटलं. "शनिवारी मी तुम्हाला जे सांगितलं ते खरं नाही."

बायकांचे हात थांबले. एका बाईनं विचारलं, "म्हणजे चूर्ण खराब हाय?"

"तेही मला अजून माहीत नाही."

"मंग माहीत काय हाय तुले?"

कुणीतरी हसलं. मला राग आला नाही. प्रश्न बरोबर होता. मी त्यांना प्लेट सांगितली, घरं सांगितली, पिवळा रंग आणि जांभळा रंग सांगितला. रिकामी घरं मी ठेवली नाहीत, हेही सांगितलं. "मला वाटलं पेशींनी रंग केला. तो सालीनं केला होता."

देवकाकाकू पुढे सरकून म्हणाल्या, "सालीनं?"

"हो."

"वर्षा, ते जुनी लोखंडी कढई आण."

वर्षानं बाळ एकीच्या मांडीवर दिलं आणि आतून कढई आणली. तिचा आतला भाग शाई ओतल्यासारखा काळा होता. काकूंनी ती माझ्यापुढे ठेवली. "ही साल लोखंडात उकळली का पाणी काळंभोर होते. म्हणून आम्ही स्टीलच्या पातेल्यात उकळतो. ही साल जिथं जाते तिथं रंग करते. कपड्याले लागली तं निघत नाही. माह्या सासूनं पयल्या दिवशी सांगतलं होतं मले." त्या माझ्याकडे पाहत होत्या. आवाज मोठा नव्हता, आणि त्यांचा आवाज मोठा नसणं मी पहिल्यांदाच ऐकत होते. "तू माह्या चूर्णाले इचारलं. मले काहून नाही इचारलं?"

डबा घेताना मी वजन लिहिलं होतं, तारीख लिहिली होती, रंग आणि वास लिहिला होता. चाळीस वर्षं ती साल हाताळणारी बाई समोरच्या खुर्चीवर बसली होती, आणि तिला मी फक्त नाव आणि गाव विचारलं होतं. वाईट याचं वाटतं, की मला तरी हे सुचायला हवं होतं. मी अशाच घरातली आहे.

"आता सुनेचं काय?" काकूंनी विचारलं.

मी म्हटलं, चूर्ण बंद ठेवा, डॉक्टरांना दाखवा, काय आणि किती घेतलं ते सांगा. प्लेटवरून मी तिच्याबद्दल काहीच सांगू शकत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. वर्षा दाराशी उभी होती. म्हणाली, "मी तं म्हणते बंदच करा आई. इतकं कडू हाय का लेकराचा पापा घेतला तं थे तोंड वाकडं करते." त्यावर बायका हसल्या, काकूंनाही हसू आवरलं नाही, आणि ओसरीवरची हवा जराशी हलली.

काकूंनी एक पुडी उचलली आणि नखानं लेबल खरवडायला लागल्या. लेबल निघेना. खळ त्यांनी घट्ट केली होती, मनापासून. ओल्या फडक्यानं करून पाहिलं, तर पुडीच फाटायला लागली. तेव्हा बाबा अंगणात गेले, स्कूटरच्या डिकीतून पुट्टी खरवडायची पातळ पत्ती घेऊन आले आणि मांडी घालून बायकांच्या गोलात बसले. पत्ती आडवी धरून एका झटक्यात लेबल उतरवायचे, पुडीला ओरखडाही नाही.

देवकाकाकू काही वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरीपेक्षा बापच कामाचा हाय."

"तिले शिकवलं नाही ना मी हे," बाबा म्हणाले. "तिकडं धाडलं."

सगळी लेबलं उतरेपर्यंत आम्ही तिथेच होतो. निघताना बाबांनी काकूंना ओसरीच्या भिंतीला ओल कुठून येते ते दाखवलं. प्रदर्शनात त्यांनी स्टॉलवर फक्त आवळ्याची सुपारी ठेवली, हे मी स्वतः जाऊन पाहिलं. लांबून. जवळ जायचा धीर झाला नाही. वर्षाला डॉक्टरांनी तपासलं, ती आणि बाळ ठीक होती. हे मला बाबांनी सांगितलं. ते पुढच्या महिन्यात त्यांची ओसरी रंगवायला गेले होते.

मॅडमनी मला कामावरून काढलं नाही. त्यांनी एवढंच केलं, की तो सात ठिपक्यांचा आलेख माझ्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवायला सांगितला. तो अजून तिथे आहे. नवीन मुलं विचारतात, "ताई, हा कशाचा आलेख आहे?" मी सांगते, "माझा."

त्या चूर्णाचं काम मी पहिल्यापासून पुन्हा केलं. वेगवेगळ्या माणसांच्या रक्तावर, दोन्ही रंगांनी, आणि या वेळी काकू घरी करतात तसा पाण्यात उकळलेला काढाही घेतला. पातळ काढा पेशींना सोसला. घट्ट अर्क सोसला नाही. मॅडमच्या सहीचा चार ओळींचा कागद तयार झाला तेव्हा मी फोन केला नाही. एसटीनं गेले.

काकूंनी चष्मा लावून कागद वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "'प्लेटमधील पेशींवर' म्हणजे?"

"म्हणजे माणसावर नाही, काकू."

"मंग माणसाचं कोण सांगन?"

"ते पुढचं काम आहे. त्याला अजून बरेच लोक लागतात. आमचा कागद इथेच थांबतो."

त्यांनी कागदाची घडी केली. "बारका हाय," म्हणाल्या. मग, "पण खरा दिसते." लेबलावर त्यांनी काहीच छापलं नाही. पुडीवर आता फक्त गावाचं नाव आहे आणि 'एक चमचा, एक पेला पाण्यात उकळून' असं आहे. कुणी विचारलंच तर त्या कागद दाखवतात आणि चारही ओळी वाचून दाखवतात, शेवटची सुद्धा.

गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावर तो आवाज ऐकू आला. मी बाहेर येईपर्यंत देवकाकाकूंनी प्रयोगशाळेच्या दारात चपला काढून ठेवल्या होत्या. आमच्याकडे उलटं असतं, आत चप्पल-बूट घालूनच यावं लागतं, पण त्या ऐकेनात. हातात तोच स्टीलचा डबा.

"दुसरं हाय," त्या म्हणाल्या. "मुळी हाय. आन पयलेच सांगते, तुयी ते रिकामी घरं आधी भर. फोन करू नको."

मी डबा घेतला. त्यांना खुर्ची दिली, वही उघडली. वजन, तारीख, रंग, वास यांच्या आधी पानाच्या अगदी वर एक ओळ मोकळी सोडायची सवय मला आता लागली आहे. मी पेन हातात घेतलं.

"सांगा काकू. तुमची मुळी कशात काय करते?"

त्या खुर्चीत नीट बसल्या. पदर सावरला. मजल्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लिव. पयली गोष्ट, इले चुन्याजवळ नेऊ नको."